संत्र्याच्या वासाची वाकळ

माझी माय कामावरून आली की तिच्या अंगाला संत्र्याच्या गोळीचा वास यायचा. शाळेत होते तेव्हा मला तो फार आवडायचा. गल्लीतल्या बाकीच्या पोरींच्या आया शेतातून, वीटभट्टीवरून, धुण्याभांड्याहून यायच्या. माझी माय गोळ्या-बिस्किटांच्या दुकानातून आल्यासारखी यायची. ती चपला काढायच्या आधीच मी तिच्या पदरात तोंड खुपसायची. "सर बाजूला, घाम हाय," ती म्हणायची. घाम असायचाच, पण त्याच्यावर संत्रं असायचं.

नांदेडच्या कडेला, औद्योगिक वसाहतीत, औषधांची एक लहान कंपनी आहे. तिथं लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर बाटल्यांमध्ये भरतात. घरी त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं आणि चमच्यानं पाजायचं, ते औषध. मुलांनी थुंकू नये म्हणून त्यात साखर आणि संत्र्याचा वास घालतात. माय त्या भरण्याच्या खोलीत बसायची. यंत्रातून पावडर बाटलीत पडायची, बाटली पुढं सरकायची, माय वजन बघायची आणि सांडलेलं पुसायची. अ‍ॅप्रन कंपनीचा, पण धुवायचा आपापल्या घरी. म्हणून तो अंगावरच घरी यायचा.

त्या खोलीत धूळ ओढणारं एक यंत्र आहे. त्याच्या पोटात कापडाच्या लांब नळ्या असतात. हवा कापडातून पार होते आणि पावडर कापडाला चिकटून राहते. नळ्या जुन्या झाल्या की बदलतात. जुन्यांचं काय करायचं हा प्रश्न कंपनीला कधी पडलाच नाही, कारण बायका त्या मागून न्यायच्या. दोन नळ्या शेजारी धरल्या की पायजम्यासारख्या दिसतात, म्हणून सगळ्या त्यांना पायजमे म्हणत.

"साहेब, औंदा पायजमे कवा निघणार?" असं एखादी विचारायची.

"नवऱ्याला घालायला राहिला न्हाई का एकबी?" सुपरवायझर म्हणायचे आणि बायका हसायच्या.

कापड जाड, पांढरं, एका बाजूनं लोकरीसारखं मऊ. वाकळेच्या मधल्या थराला याहून चांगलं कापड मिळणार नाही, असं सगळ्या बायकांचं मत होतं. वर जुनं लुगडं, खाली जुनं लुगडं, मध्ये पायजमा, आणि मग टाका. कापड आधी अंगणात झटकायचं, नळाखाली एकदा काढायचं, वाळवायचं. धुताना पाणी पांढरं व्हायचं आणि सगळ्या अंगणाला संत्र्याचा वास यायचा. आमच्या गल्लीत अशा वाकळा नसलेलं घर सांगणं अवघड होतं.

लातूरला बी. फार्मसीला माझा नंबर लागला तेव्हा मायनं माझ्यासाठी वाकळ शिवली. वरच्या बाजूला तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं आणि चारही कडांना माझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाची पट्टी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिलीच. वडील मोंढ्यात हमाल आहेत. त्यांनी धान्याची थैली बांधतात तशी ती वाकळ सुतळीनं आवळून दिली. अहमदपूरच्या रस्त्यानं एसटीत ती मी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "वर ठेव की, बाई, चोर बी न्हाई नेणार." मी ठेवली नाही.

हॉस्टेलवर पहिले काही दिवस मी कुणाशी फार बोलले नाही. वर्गात मुली क्लासच्या, परीक्षेच्या, गुणांच्या गोष्टी करायच्या, मला वाटायचं आपण चुकून या बाकावर बसलो आहोत. खोलीवर येऊन वाकळ तोंडापर्यंत ओढली की संत्र्याचा मंद वास यायचा आणि घर जवळ वाटायचं. थंडी पडली तसं माझ्या मानेवर, दंडांवर लाल गांध्या उठायला लागल्या. नाक गळायचं. डोळे चुरचुरायचे.

माझी खोलीतली सोबतीण किनवटकडची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. तिनं माझा दंड दिव्याखाली धरून निकाल दिला, "खरूज. आमचा अख्खा वर्ग लायनीत उभा राहून खाजवायचा. घाबरू नको, मरत न्हाई कुणी." तिनं कडुलिंबाचा पाला उकळून दिला, मलम आणून दिलं. पण ती त्याच वाकळेवर माझ्याशेजारी बसून अभ्यास करायची आणि तिला काहीच व्हायचं नाही. "माझी कातडी जंगलातली हाय," ती म्हणायची.

उन्हाळ्यात वाकळ पेटीत गेली आणि गांध्याही गेल्या. मी पाण्याला दोष देऊन मोकळी झाले. लातुरात कशाचंही खापर पाण्यावर फोडता येतं, कुणी वाद घालत नाही. पुढच्या थंडीत वाकळ बाहेर निघाली. या वेळी गांध्यांबरोबर गळाही आवळल्यासारखा व्हायला लागला.

त्याच महिन्यात मॅडमनी एका औषधात दुसरं औषध कसं मिसळतं तो धडा घेतला. त्या म्हणाल्या, पेनिसिलिनच्या कुळातली औषधं वेगळ्या इमारतीत बनवावी लागतात, तिथली हवा वेगळी ठेवावी लागते. काही माणसांना त्याचा कण जरी गेला तरी शरीर उलटतं. तिथं काम करणाऱ्यानं कपडे तिथंच बदलायचे, तिथले कपडे तिथंच धुवायचे. आणि मग त्या सहज म्हणाल्या, "सगळ्यात जपून हाताळायचं ते धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या कापडाला. ते नष्टच करतात. ज्या कापडाचं कामच पावडर साठवणं, ते धुऊन स्वच्छ होत नसतं."

मायच्या खोलीतली पावडर त्याच कुळातली. मला वर्गात हात वर करता येत नाही. आजही येत नाही. तास संपल्यावर मी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. मॅडम चहा पीत होत्या.

"मॅडम, त्या कापडाची वाकळ शिवली तर?"

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यांनी माझी मान बघितली आणि कप खाली ठेवला.

सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. तपासणीशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. पण वाकळ बंद कर, आणि यापुढं कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी आधी हे सांग, त्या कुळातलं औषध नीट तपासल्याशिवाय घेऊ नको. मी वाकळ दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधलं. आठवड्याच्या आत गांध्या बसल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी रोज काही तास त्या वाकळेत झोपत होते आणि माझी ही गत. माय तर त्या खोलीत वर्षानुवर्षं बसते.

मी शनिवारी नांदेडला गेले. मायचा खोकला मला माहीत होता. तिला दमा आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. या वेळी मी पहिल्यांदा नीट विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

"रविवारी बरं असतंय. सोमवारी दुपारच्याला छाती भरती. शीळ घातल्यावाणी आवाज येतो."

"माय, तो दमा नसंल. असला तरी त्या पावडरीनं झाला असंल."

मी तिला मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सांगताना माझीच वाक्यं अडखळत होती. शेवटी जे सुचलं ते बोलून टाकलं, "तू काम सोड."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "सोडून काय करू?"

"दुसरं बघू काहीतरी."

"आन माझ्या जागी?"

"कुणीतरी बसंल."

"तिची छाती काय लोखंडाची हाय?" मायनं भाकरी तव्यावर टाकली. "मी न्हाई सोडणार. पावडरीला म्हणावं, मला सोड. मी कशाला सोडू?"

वडील दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "हिला लगीन झाल्यापासून कोण समजावू शकलंय?" पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं की काळजी, ते मला कळलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माय एवढ्यावरच थांबली असती. तिनं खोकला सोसला होता, पुढंही सोसला असता. पण जेवताना तिचा घास मध्येच थांबला. "अगं," ती म्हणाली, "दुपटं."

शेजारच्या मावशी मायबरोबरच कामाला आहेत. त्यांची लेक औशाहून बाळंतपणाला आली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. नातीसाठी मावशींनी आणि मायनं मिळून दुपटं शिवलं होतं. सगळ्यात मऊ पायजमा त्यासाठी राखून ठेवला होता.

माय हात न धुताच उठली. मी मागं धावले. बाळ खाटेवर दुपट्यात गुंडाळलेलं होतं. मायनं खरकटा हात पाठीमागं धरला आणि दुसऱ्या हातानं दुपटं सोडवायला लागली.

"काय करून राहिलीस?" मावशी म्हणाल्या.

"अक्का, हे काढा. पोरीच्या अंगाला नको."

"का? तूच टाके घातलेस ना?"

"घातले. चुकले. हे औषधाचं कापड हाय."

"औषधानं माणूस बरं होतंय." मावशींनी दुपट्याचं दुसरं टोक धरलं. "तुझी पोरगी दोन पुस्तकं शिकली म्हणून आमच्या पोरीच्या अंगावरचं ओढतीस व्हय? तुमच्या घरी शिकल्याली हाय, आमच्या घरी न्हाई, हेच ना?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. बाळाला काही झालेलं नव्हतं. त्याच्या अंगावर एक पुरळ नव्हतं. मी काय सांगणार होते? होईलच असं नाही, पण होऊ शकतं, एवढंच मला माहीत होतं. मी माझ्या दंडाची बाही वर केली. गांध्या बसल्या होत्या, पण खाजवल्याच्या खुणा काळ्या पडून राहिल्या होत्या. "मावशी, मला त्या वाकळेनं हे झालं. माझ्या सोबतिणीला नाही झालं. बाळ कुणाच्या गटात आहे ते आपल्याला कसं कळणार?"

मावशींनी माझा दंड बघितला. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटे करून बघितले. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात गेली कित्येक वर्षं कातडी फाटलेली असते. साबणानं होतं, असं त्या म्हणायच्या. त्यांनी हातातलं टोक सोडलं.

"लुगडं माझ्या सासूचं हाय वरचं," एवढंच त्या म्हणाल्या.

ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. काही बायका हसल्या, काही चिडल्या. वाकळा मात्र एक एक करून अंगणात आल्या. आता त्यांचं करायचं काय? मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जाळू नका, धूर तुमच्याच नाकात जाईल. धुऊ नका, पाणी नाल्यात जाईल. हा कंपनीचा कचरा आहे, त्याची विल्हेवाट लावणं त्यांचं काम.

मी मायला सांगितलं. "जाळायचं न्हाई, धुवायचं न्हाई. मग टाकायचं कुठं?" तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "जिथून आणलं तिथं."

सोमवारी मी लातूरला परत जायला हवं होतं. गेले नाही. सकाळी पाळीच्या वेळेला बायका वाकळा पोत्यांत भरून कंपनीच्या फाटकाशी पोचल्या. सुपरवायझर बाहेर आले.

"हे काय? बाजार मांडला का हितं?"

"तुमचे पायजमे परत आणलेत, साहेब," मावशी म्हणाल्या.

"अहो, फुकट दिले होते."

"हाव. फुकटच परत देऊन राहिलो."

बायका हसल्या. साहेबांनाही क्षणभर हसू आलं, मग त्यांनी पोत्यात डोकावलं आणि हसू गेलं. "कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?" त्यांनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरेच्या दिशेनं माझ्याकडं बघितलं. "कॉलेजात हेच शिकवतात का?"

"हो सर," मी म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला आहे हा धडा."

कुणीतरी मागं फिस्कन हसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "बरं, पोती ठेवा बाजूला. आत चला. अ‍ॅप्रन घाला."

तेव्हा मायनं जे केलं ते तिनं मलाही आधी सांगितलं नव्हतं. तिनं हातातला अ‍ॅप्रन वाकळांच्या पोत्यावर ठेवला. मावशींनी त्यावर आपला ठेवला. मग एकीमागून एकीनं ठेवले.

"हे काय आता?"

"मळलेत, साहेब," माय म्हणाली.

"मग घाला तसेच."

"तसं कसं? पाटी हाय की."

भरण्याच्या खोलीच्या दारावर एक निळी पाटी आहे. स्वच्छ अ‍ॅप्रनशिवाय आत प्रवेश नाही. तपासणीवाले येणार असले की ती पाटी पुसून लख्ख करायचं काम मायकडंच असायचं. मायला अक्षरं सावकाश वाचता येतात, पण ती पाटी तिनं इतक्या वेळा पुसली होती की तिला ती पाठच होती. तिनं ती म्हणून दाखवली.

"घरी धुवायचे असतात ते. माहीत न्हाई का?"

"घरी आता न्हाई धुणार. घरी लेकरं हायती. हितंच धुवा, हितंच बदलू. आन तोंडाला नीट मास्क द्या. तपासणीचे पाव्हणे तासभर येऊन जातात, त्यांना गाळणीची डबी लावलेला मास्क. आमी वर्ष-वर्ष बसतो, आमाला चिंधी."

"काम नको असंल तर घरी बसा."

"काम पाहिजे," माय म्हणाली. "घरी बसायला न्हाई आलो. दारात बसतो. अ‍ॅप्रन धुऊन आले की आत येतो."

आणि त्या फाटकासमोरच्या लिंबाखाली बसल्या. त्या दिवशी भरण्याचं यंत्र चाललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेरून दुसऱ्या बायका आणायचा प्रयत्न झाला. आणल्या त्या आमच्याच पलीकडच्या गल्लीतल्या होत्या. त्यांच्याही घरी वाकळा होत्या. त्या पोत्यांकडं बघून लिंबाखालीच बसल्या.

मध्ये एकदा साहेबांनी मायला एकटीला बाजूला बोलावलं. मी जवळच होते. ते तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वरून कुणीतरी विचारत असणार. "बाई, तुमची छाती खराब हाय, मला माहीत हाय. तुमाला लेबलच्या खोलीत घेतो. तिथं धूळ न्हाई. उद्यापासून या. बाकीच्यांचं बघू."

मला वाटलं, हो म्हण. मनापासून वाटलं. मला तेवढंच हवं होतं, तिची छाती वाचायला हवी होती, बाकी सगळं मला त्या क्षणी परकं होतं. मी तिचा पदरसुद्धा ओढला.

"येते की," माय म्हणाली. "पण माझ्या खुर्चीवर जी बसंल, तिच्या तोंडाला मास्क दिसला की येते. मी तवर लिंबाखाली हाय."

त्या आठवड्याच्या शेवटी कंपनीत कपडे धुण्याचं यंत्र आलं. मास्क आले, नुसत्या कापडाचे नव्हेत, तपासणीवाल्यांसारखे. कपडे बदलायला खोली झाली. खोली कसली, जुन्या खोक्यांच्या गोदामात पडदा लावला, पण झाली. वाकळांची पोती कचऱ्याच्या गाडीतून गेली. कुठं गेली ते आम्हाला सांगितलं नाही. माय लेबलच्या खोलीत गेली. तिच्या खुर्चीवर आता एक तरुण पोरगी बसते. तिचा मास्क नाकाखाली घसरला की माय काचेतून बोटानं वर कर म्हणून खुणावते. ती पोरगी मायला मास्तरीणबाई म्हणते.

मायचा खोकला पूर्ण गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, थोडा राहीलही. शीळ मात्र सोमवारी वाजत नाही.

त्या पोत्यांमध्ये माझीही वाकळ होती. प्लास्टिकसकट दिली. वरचं हिरवं लुगडं तरी उसवून ठेवूया, असं मी म्हटलं होतं. मायनं ऐकलं नाही. "मावशीनं सासूचं दिलं. माझं काय सोन्याचं हाय?" हॉस्टेलवर आता मी बाजारातली चादर घेते. तिला कसलाच वास नाही. सोबतीण म्हणते, तुझ्या खाजेची आठवण येते, आवाज यायचा सोबतीला.

मी अजून वर्गात हात वर करत नाही. पण मॅडमनी परवा विचारलं की या धड्यावर कुणाला बोलायचं आहे का, तेव्हा मी बसल्या जागेवरून बोलले. मी म्हणाले की पुस्तकात लिहिलंय कामगारानं काळजी घ्यावी. कामगारानं काय घ्यावी? जे द्यायचं ते कंपनीनं द्यायला हवं. माझं वाक्य नीट जमलं नव्हतं, पण मी ते मागं घेतलं नाही.

काल मायचा फोन आला. धुण्याच्या यंत्राचा पाइप कंपनीच्या मागच्या नाल्यात सोडला आहे. पलीकडं म्हशी पाणी पितात. मावशींनी जाऊन बघितलं, नाल्याला संत्र्याचा वास येतो.

"तुझ्या मॅडमला इचारून ठेव," माय म्हणाली.

"काय विचारू?"

"कापड पोत्यात भरून परत देता आलं. पाणी कशात भरून न्यायचं?"

मी म्हटलं, विचारते. ती म्हणाली, लवकर इचार, सोमवारी फाटकावर जायचंय.